अकरात कोण, बाकावर कोण? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आम्ही एवढंच विचारलं होतं की तुमच्या फुटबॉल टीमच्या मॅनेजरचा टीम सिलेक्शनचा कुठला निर्णय तुम्हाला अजून पचलेला नाही. त्यावर आलेल्या पत्रांत आणि ईमेलमध्ये सगळ्यात जास्त राग रोटेशनवर निघालाय, म्हणजे चांगला खेळणारा बसवला का, अर्धी टीम बदलली का, आणि नाही बदलली तर का नाही बदलली. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, पण जे प्रश्न फिरून फिरून आले ते घेतोय.

प्रश्न: मी मँचेस्टर सिटीचा कट्टर फॅन आहे. २५ नोव्हेंबर २०२५, चॅम्पियन्स लीग, घरचं मैदान, समोर जर्मनीचं लेव्हरकुसेन, आणि आमच्या मॅनेजर गार्डिओलाने आधीच्या मॅचच्या टीममधले दहा जण बदलले. आमचा मेन स्ट्रायकर हालँड बाकावर! ०-२ हरलो. काहून असं करते हा माणूस? रोटेशनला नाही म्हणत नाही मी, पण दहा?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर: तुमचा राग रास्त आहे. मॅच झाल्यावर गार्डिओलाने स्वतः जबाबदारी घेतली आणि बदल जरा जास्तच झाले असं तोच बोलला, त्यामुळे त्यावर वेगळा वाद घालायचं कारण नाही. पण मला ‘दहा’ या आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते आणि या सगळ्या पत्रांना माझं उत्तर फिरून तिथेच येणार आहे, की किती बदलले हे नंतर बघा, आधी कुठे बदलले ते बघा.

कडेने धावणारा विंगर बदलला, स्ट्रायकर बदलला, एखादा फुलबॅक म्हणजे कडेचा बचावपटू बदलला तर टीमची धार कमी होते पण टीम उभी राहते. गोलकीपर, दोन सेंटर-बॅक म्हणजे मधले बचावपटू आणि त्यांच्या पुढे उभा राहणारा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर या चौघांचं तसं नसतं, कारण ते एकमेकांच्या सवयीवर खेळतात. बॉलवर पुढे कोण धावणार आणि मागे कोण थांबणार, कीपर बॉल पायात घेऊन उभा असताना छोटा पास मागायला कोण येणार, क्रॉस आला की पहिला माणूस कुणाचा आणि दुसरा कुणाचा, हे फळ्यावर आखून दाखवता येतं पण अंगात मुरतं ते महिनोन्‌महिने सोबत खेळून. ही चौकट एकदम मोडली तर प्लेयर्स कितीही महागडे असोत, पहिला अर्धा तास एकमेकांचा अंदाज घेण्यातच जातो. लेव्हरकुसेनच्या ग्रिमाल्डोने तेवढ्या वेळातच पहिला गोल मारला, शिकचा दुसरा गोल ब्रेकनंतर आला आणि मग हालँडला आणून काही उपयोग झाला नाही.

तुम्ही सिटीचे जुने फॅन असाल तर २९ मे २०२१ विसरला नसाल. पोर्तोमध्ये चेल्सीविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल. तेव्हा काही दहा बदल नव्हते, सगळे मोठे प्लेयर मैदानात होते, फक्त रॉड्री आणि फर्नांडिन्हो हे डिफेन्सिव्ह मिडफिल्डर दोघंही पहिल्या अकरात नव्हते आणि ती जागा गुंडोगानला दिली. एकच जागा! ४२ व्या मिनिटाला माउंटचा पास थेट मधून गेला, हावर्ट्झ एकटा पळाला, १-० आणि खेळ खल्लास. दहा बदलांवर जेवढा गदारोळ होतो तेवढाच या एका बदलावर झाला पाहिजे होता, आणि सिटीच्या फॅन्सनी तो केलाही, आजपर्यंत करतायत, बरोबरच करतायत.

प्रश्न: आठवड्याला लाखो पाउंड घेतात, प्रायव्हेट विमानाने फिरतात, मालिश करायला माणसं आहेत, मग आठवड्यात दोन मॅच खेळायला काय होतं? आमचे वडील गिरणीत डबल शिफ्ट करायचे. टीव्हीवर बघताना तर कुणी दमलेलं दिसत नाही.
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर: तुमचं शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे, कारण ते खरं आहे. दमलेलं दिसत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

२०१० मध्ये एक अभ्यास छापून आला होता. चॅम्पियन्स लीग खेळणाऱ्या एका क्लबच्या प्लेयर्सचे दोन सीझन तपासले, आठवड्याला एक मॅच खेळणारे आणि तीन-चार दिवसांत दोन खेळणारे. किती किलोमीटर पळाले, स्प्रिंट किती मारले, यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण इंज्युरीचं प्रमाण बघा, खेळाच्या दर हजार तासांमागे एका मॅचच्या आठवड्यात ४.१ आणि दोन मॅचच्या आठवड्यात २५.६, म्हणजे सहापट. म्हणजे आपण स्टँडमध्ये किंवा टीव्हीसमोर बसून जे बघतो त्यात काहीच कळत नाही, तो पळतोय, टॅकल करतोय, ‘फिट तर दिसतोय की’ असं आपण म्हणतो, आणि सत्तराव्या मिनिटाला एक लांब स्प्रिंट मारताना मांडीच्या मागे हात जातो. पूर्ण वेगात पाय पुढे फेकला जात असताना मागचा स्नायू ताणलेला असतो आणि त्याच क्षणी त्याला ब्रेकही लावायचा असतो, त्यामुळे हॅमस्ट्रिंग तिथेच जातं. मॅचमध्ये स्नायूंतलं इंधन संपतं ते पुरतं भरायला दोन ते तीन दिवस लागतात. बुधवारी रात्री खेळून शनिवारी दुपारी परत उतरायचं म्हटलं की हिशोब जेमतेम बसतो, त्यात युरोपातला प्रवास धरा.

आर्सेनलचा साका २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये सलग ८७ मॅच खेळला, त्या लीगमधला क्लबचा रेकॉर्ड आहे तो, आणि आर्सेनलचे फॅन तेव्हापासून ओरडत होते की या पोराला जरा बसवा. डिसेंबर २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध त्याचं हॅमस्ट्रिंग गेलं, ऑपरेशन झालं, एप्रिल उजाडला परत यायला. रॉड्री २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पत्रकारांसमोर म्हणाला की मॅच इतक्या वाढल्यात की प्लेयर्स संपाच्या जवळ आलेत, आणि त्याच आठवड्यात आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. एका इंज्युरीचं एकच कारण दाखवता येत नाही, तसा दावा मी करणार नाही, पण धोका वाढतो हे आकडे सांगतात.

तुमच्या वडिलांच्या डबल शिफ्टचा मान आहेच. पगार कितीही असला तरी स्नायूला तो कळत नाही, गिरणीतल्या माणसाचाही नाही आणि साकाचाही नाही, फरक एवढाच की वडिलांना बसवून विश्रांती देणारा कुणी नव्हता.

प्रश्न: मी कामानिमित्त लेस्टरला राहतो. इथे ऑफिसात सगळे छातीठोकपणे सांगतात की २०१५-१६ मध्ये आमचा मॅनेजर रानिएरीने टीम बदललीच नाही म्हणून आम्ही प्रीमियर लीग जिंकलो, रोटेशन वगैरे सगळी नाटकं आहेत. हे खरं मानायचं का?
(एक वाचक, लेस्टर, इंग्लंड)

उत्तर: अर्धं खरं आहे. आणि माझ्या मते रोटेशनवर यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

याच रानिएरीला चेल्सीत असताना इंग्लंडचे पेपर ‘टिंकरमॅन’ म्हणायचे, म्हणजे सतत खुडबुड करणारा माणूस. एप्रिल २००४, चॅम्पियन्स लीग सेमीफायनल, मोनॅकोचं मैदान, स्कोअर १-१, आणि दुसऱ्या हाफमध्ये मोनॅकोचा झिकोस रेड कार्ड घेऊन बाहेर गेला. अकरा विरुद्ध दहा. शांतपणे बॉल फिरवला असता तरी चेल्सीच्या पदरात काहीतरी पडलं असतं. रानिएरीने ब्रेकलाच वेरॉनला आणलं होतं, मग हॅसलबाइंक आणला, मग हुथ आणला, फुलबॅक काढला, मिडफिल्डर काढला, कोण कुठल्या जागेवर खेळतंय हे मैदानातल्यांनाही कळेनासं झालं आणि दहा माणसांच्या मोनॅकोने शेवटच्या पंधरा मिनिटांत दोन गोल मारले. ३-१. हात दाखवून अवलक्षण. सीझन संपल्यावर रानिएरीची नोकरी गेली आणि मोरिन्यो आला.

अकरा वर्षांनी तोच माणूस लेस्टरला. तुमच्या ऑफिसातले लोक एक गोष्ट विसरतात की त्यानेही सुरुवातीला बदल केलेच. सप्टेंबर २०१५ मध्ये आर्सेनलने लेस्टरला त्यांच्याच मैदानावर ५-२ असं धुतलं, त्यानंतर त्याने दोन्ही फुलबॅक बदलले, डी लाएट आणि श्लुप बाहेर, सिम्पसन आणि फुक्स आत. मग मात्र फारसा हात लावला नाही. श्मायकेल, सिम्पसन, मॉर्गन, हुथ, फुक्स, मारेझ, कांते, ड्रिंकवॉटर, अल्ब्राइटन, ओकाझाकी, वार्डी, तुमच्या गावातल्या लहान पोराला झोपेतून उठवलं तरी हे अकरा सांगेल. कॅप्टन मॉर्गन आणि गोलकीपर श्मायकेल लीगमधलं एकही मिनिट चुकले नाहीत. आणि त्यातला हुथ म्हणजे मोनॅकोच्या त्या रात्री सब म्हणून आलेला हुथच बरं का.

मग रोटेशन नाटक आहे का? नाही, कारण लेस्टरला युरोपातल्या स्पर्धा नव्हत्या, दोन्ही कप स्पर्धांतून ते लवकर बाहेर पडले, अख्ख्या सीझनमध्ये सगळ्या मिळून ४३ मॅच झाल्या. सिटीने २०२२-२३ मध्ये तीन ट्रॉफी जिंकल्या तेव्हा ६१ खेळल्या होत्या. अठरा मॅचचा फरक आहे हा! ४३ मॅचला जे अकरा पुरतात ते ६१ ला पुरत नाहीत. आणि याचा पुरावा तुमच्याच शहरात आहे, पुढच्या सीझनला चॅम्पियन्स लीग आली, कांते चेल्सीला गेला म्हणजे चौकटीतला माणूस गेला, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत टीम रेलिगेशनच्या म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याच्या काठावर असताना रानिएरीला काढलं. ऑफिसात हे सांगा, पण जपून सांगा, त्या लोकांचं रानिएरीवर जीवापाड प्रेम आहे आणि ते अगदी योग्य आहे.

प्रश्न: फँटसी प्रीमियर लीग या ऑनलाइन खेळात (खऱ्या प्लेयर्सची आपली टीम करून पॉइंट मिळवायचे) ज्याला कॅप्टन करतो तोच बसतो. ‘पेप रुलेट’ने, म्हणजे पेप गार्डिओला कुणाला बसवेल या जुगाराने, माझी लीगमधली जागा घालवली. यावर काही उपाय आहे का?
(एक कॉलेज विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर: पक्का उपाय नाही. तुझी टीम लॉक होते गेमवीकच्या पहिल्या मॅचच्या दीड तास आधी आणि क्लबची टीम जाहीर होते सव्वा तास आधी, म्हणजे बरोबर पंधरा मिनिटांनी तुझं नुकसान करायची सोय नियमातच आहे. तरी दोन गोष्टी कर. पहिली, आठवड्याच्या मधे युरोपियन मॅच असेल तर ज्या क्लबकडे एका जागेला दोन तोलामोलाचे प्लेयर आहेत तिथला विंगर कॅप्टन करू नको, कारण मॅनेजर सगळ्यात आधी हात घालतो तो विंगरवर, ते का हे वर नागपूरच्या उत्तरात लिहिलंय. दुसरी, व्हाइस-कॅप्टन नावापुरता ठेवू नको, खात्रीने सुरू होणारा ठेव. सगळ्यात जास्त त्रास पूर्ण बसलेल्या प्लेयरचा होत नाही, त्याच्या जागी तुझ्या बेंचवरचा आपोआप येतो. त्रास होतो तो ८८ व्या मिनिटाला येऊन एक पॉइंट घेणाऱ्याचा, कारण मग बेंच पण येत नाही आणि कॅप्टनसी पण सरकत नाही. सिटीपेक्षा ज्या क्लबला युरोप नाही तिथले दोन-तीन जण भर, मन शांत राहतं.

प्रश्न: आमच्या घरात अर्धे ब्राझीलचे आणि अर्धे पोर्तुगालचे. कतारला ब्राझीलने कॅमेरूनविरुद्ध बी टीम उतरवली आणि तिथूनच पनवती लागली असं माझा भाऊ म्हणतो. आणि रोनाल्डोला बसवणं हा अपमान होता की नाही?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर: भाऊ पनवती म्हणतोय ते सोडा, पण त्या मॅचची किंमत ब्राझीलला खरंच मोजावी लागली. क्वालिफाय झाल्यावर कोच टिटेने नऊ बदल केले, ९० मिनिटं संपल्यावर अबूबकरने गोल मारून ०-१ हरवलं, पण ती हार काही दुखणारी नव्हती, दुखलं ते वेगळंच. पहिल्या अकरात उतरलेले गॅब्रिएल जेसुस आणि अॅलेक्स टेलेस दोघंही त्याच मॅचमध्ये गुडघा दुखावून वर्ल्डकपबाहेर गेले. अॅलेक्स सांड्रो आधीच जायबंदी, त्यामुळे क्रोएशियाविरुद्ध क्वार्टर फायनलला उजव्या बाजूचा दानिलो डावीकडे आणि सेंटर-बॅक मिलिताओ उजवीकडे खेळवायची वेळ आली.

पण मग फ्रान्सचं काय? दोनच दिवस आधी त्यांच्या कोच देशाँनेही ट्युनिशियाविरुद्ध नऊच बदल केले होते, कामाव्हिंगाला चक्क लेफ्ट-बॅक खेळवलं, तेही ०-१ हरले, आणि फायनलला गेले. तोच निर्णय, तेच नऊ बदल, तोच स्कोअर. एकाला शहाणा म्हटलं आणि दुसऱ्याला मूर्ख. मला हे पटत नाही. दोघांचाही निर्णय बरोबर होता, सहा पॉइंट खिशात असताना मेन टीम कशाला झिजवायची? टिटेचं नशीब खराब निघालं, एवढंच.

रोनाल्डोचं म्हणाल तर स्वित्झर्लंडविरुद्ध त्याच्या जागी आलेल्या गोन्सालो रामोसने हॅट्‌ट्रिक मारली, ६-१ जिंकले, तिथे वाद संपायला हवा होता. मोरोक्कोविरुद्ध तीच टीम ०-१ हरली तेव्हा सगळे परत उलटले. ३७ वर्षांच्या माणसाला, तो कितीही थोर असो, दुसऱ्या हाफमध्ये आणणं हा अपमान नाही. रोनाल्डोवर माझा जीव आहे आणि तरीही मी हे लिहितोय.

प्रश्न: मॅनेजरने मुद्दाम कमजोर टीम उतरवली तर लीगने दंड करावा का? तिकीट काढून आलेल्या माणसाची ही फसवणूक नाही का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: प्रीमियर लीगने हे करून बघितलंय. डिसेंबर २००९ मध्ये वुल्व्जच्या मिक मॅकार्थीने ओल्ड ट्रॅफर्डवर दहा बदल करून टीम नेली, ०-३ हरले, क्लबला २५ हजार पाउंडाचा सस्पेंडेड दंड (पुन्हा केलं तरच भरायचा) झाला, आणि पाच दिवसांनी ताज्या टीमने बर्नलीला २-० हरवलं. त्या सीझनला वुल्व्ज लीगमध्ये टिकले. पुढच्या वर्षी ब्लॅकपूलच्या इयन हॉलोवेने अॅस्टन व्हिलाविरुद्ध तेच केलं, दहा बदल, आणि ती ‘कमजोर’ टीम ८९ व्या मिनिटापर्यंत २-२ वर होती! शेवटी ३-२ हरले. तरी दंड २५ हजार. हॉलोवे भयंकर संतापला होता, आणि मी शंभर टक्के त्याच्या बाजूचा आहे, कारण तोवर २५ जणांची यादी द्यायचा नियम आलेला होता, मग यादीतला कुठलाही माणूस खेळवायचा हक्क मॅनेजरचाच. ब्लॅकपूल ३९ पॉइंट घेऊनही शेवटच्या दिवशी खाली गेलं.

दंड नको. पण वुल्व्जचे जे लोक थंडीत पैसे घालून मँचेस्टरला गेले त्यांचा राग मला शंभर टक्के मान्य आहे. क्लबने त्यांना काहीतरी परत द्यायला हवं होतं, निदान पुढच्या तिकिटात सूट तरी.

प्रश्न: एका मॅचला पाच सब (बदली खेळाडू) झाल्यापासून मोठ्या क्लबचाच फायदा होतो ना?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: हो. लहान क्लब म्हणूनच विरोध करत होते, २०२० मध्ये लॉकडाऊननंतर पाच सब आले, पुढचे दोन सीझन प्रीमियर लीगने परत तीन केले आणि २०२२-२३ पासून पाच कायम झाले. बाकावर नऊ जण, त्यातले पाचही तोलाचे असणारे क्लब मोजकेच. पण इंज्युरीचा विचार केला तर मला पाचच हवेत.

प्रश्न: दादा, मी कोल्हापूरचा, आमच्या तालमीच्या टीमात राइट-बॅक खेळतो. आमचा कोच लई हट्टी, सीझनभर तेच अकरा, त्यात बाहेरून आणलेले प्लेयर ठरलेलेच. आम्ही पेठेतली पोरं नुसती किट घालून बसायचं. कोचला सांगायचं तर कसं सांगायचं?
(एक खेळाडू, कोल्हापूर)

उत्तर: तुझ्या कोचची बाजू आधी ऐक. शाहू स्टेडियमवर पेठेची इज्जत पणाला लागलेली असते, नॉकआउटमध्ये एक मॅच हरली की स्पर्धा संपली, आणि हरल्यावर रात्री चौकात पहिला प्रश्न त्यालाच येतो. असा माणूस हात बांधल्यासारखा ठरलेले अकराच उतरवतो, हे मी इंग्लंडच्या मॅनेजरबद्दलही तेवढ्याच सहानुभूतीने लिहीन.

तरीपण तुझं म्हणणं खरं आहे आणि ते मांडायला पाहिजे. मॅचच्या दिवशी नाही, हरल्यावर तर मुळीच नाही. प्रॅक्टिस संपल्यावर दोघं-तिघं मिळून जा आणि ‘आम्हाला घ्या’ असं न म्हणता मिनिटं मागा. गोलकीपर, दोन स्टॉपर (म्हणजे सेंटर-बॅक) आणि पुढचा एक, ही चौकट त्याला राहू दे, बाहेरून आणलेले बहुतेक तिथेच नाहीतर स्ट्रायकरला असतात. राइट-बॅक आणि विंगर या जागा बदलल्या तर टीम मोडत नाही, आणि तू नेमका राइट-बॅक आहेस, हे तुझ्या फायद्याचं आहे. लीगमध्ये दोन गोलची आघाडी असेल तर शेवटची वीस मिनिटं पोरांना द्या, एवढंच बोला. मार्च-एप्रिलच्या उन्हात टणक मैदानावर ठरलेल्या अकरांचे पाय सीझनच्या शेवटी भरून येतातच, तेव्हा ज्यांनी वीस-वीस मिनिटं खेळलीयत अशी पोरं हाताशी असतील तर त्याचंच भलं आहे. तुमच्याच गावचा अनिकेत जाधव २०१७ ला अंडर-१७ वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला, त्यामुळे गावच्या पोरांत दम नाही असं कुणी म्हणू शकत नाही.

आणि तोवर एक वही कर. प्रत्येक मॅचला कोण किती मिनिटं खेळला, कोण कितव्या मिनिटाला दुखावून बाहेर आला, एवढंच लिही. सीझनच्या मध्यावर ती वही कोचसमोर ठेव. तोंडी तक्रार तो झटकून टाकेल, पण त्याच्याच स्टॉपरच्या नावापुढे तीन वेळा ‘मांडी धरून बाहेर’ लिहिलेलं दिसलं की थांबून वाचेल.